बिनतक्रार चाळीस दिवस

राखेच्या बुधवारी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन फर्डिनंड तुस्कानो घरी आला, तेव्हा दाराशी एक बॅग होती. निळी, चेन लावलेली, पोट फुगलेली.

"कोण आलंय?" त्याने चपला काढता काढता विचारलं.

"आलं कोणी नाही. जायचंय," फ्लॉसी आतून म्हणाली.

फ्लॉसी त्याची बायको. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. ती ओरडत नसे. ओरडण्याचं खातं त्या घरात पहिल्यापासून फर्डिनंडकडे होतं आणि तो ते एकट्याने नीट सांभाळत होता. ती चहा घेऊन बाहेर आली, कप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "या उपवासकाळात तू काय सोडणारेस?"

"दरवर्षीचंच. मटण."

"मटण डॉक्टरने दिवाळीतच सोडायला लावलंय. डॉक्टरला दिलेलंच परत देवाला देतोस?"

फर्डिनंडने कप जवळ ओढला. त्याने चहा घेतला. चहात साखर कमी होती, हे तो सांगणार तेवढ्यात फ्लॉसीने बोट वर केलं.

"तेच. ते सोड."

"साखर?"

"तक्रार. ईस्टरपर्यंत. कोणाची नाही, कशाची नाही. तोंडी नाही, लेखी नाही. जमलं तर चांगलं. नाही जमलं तर बॅग भरलेली आहे, मी थोरल्या लेकीकडे नाळ्याला जाते." मग जराशाने, कप उचलता उचलता ती म्हणाली, "मी दमलेय, फर्डी."

आधीचं सगळं बोलणं त्याने ऐकून सोडूनही दिलं असतं. पण हे शेवटचं ती इतक्या साधेपणाने म्हणाली, की त्याला त्या बॅगेची भीती वाटली. तो थोरलीला ओळखत होता. थोरलीकडे गेलेलं माणूस लवकर परत येत नसे. ती जेवण चांगलं करायची.

आता फर्डिनंडच्या बाजूनेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. तो काही कजाग माणूस नव्हता. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात त्याने तेहतीस वर्षं मशीन चालवलं आणि एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत पगाराच्या कागदावर अंगठा उठवला. मग चर्चच्या हॉलमध्ये एका सिस्टरने प्रौढांचा वर्ग काढला, तिथे तो अक्षरं शिकला. त्याने आयुष्यात लिहिलेलं पहिलं पूर्ण वाक्य होतं, 'सिस्टर, खडू ओला आहे.' सिस्टरने खडू बदलला. फर्डिनंड थक्क झाला. लिहिलं की बदलतं, हे ज्याला लहानपणीच कळतं तो ते विसरून जातो; ज्याला चाळिशीत कळतं तो मरेपर्यंत विसरत नाही.

तेव्हापासून तो लिहीत होता. दिवसा जळणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्याबद्दल लिहिलं, पाववाल्याच्या भोंग्याबद्दल लिहिलं, चर्चची घंटा चार मिनिटं मागे असल्याबद्दल थेट बिशपांना लिहिलं. प्रत्येक अर्जाची प्रत, पोचेच्या शिक्क्यासकट, पलंगाखालच्या ट्रंकेत होती. एक ट्रंक भरली म्हणून दुसरी आणली, ती आणताना कडी सैल निघाली, तिचाही अर्ज पहिल्या ट्रंकेत होता. हे खरं, की त्या ओल्या खडूनंतर फारसं काही बदललं नव्हतं. पण माणूस आशेवर जगतो.

आणि नेमका त्या बुधवारी टेबलावर एक अर्धा अर्ज पडलेला होता. फाटकासमोरचं गटार दोन वर्षं तुंबत होतं. त्यावर चौदा अर्ज झाले होते, हा पंधरावा. 'वारंवार कळवूनही आपण' इथपर्यंत आला होता. फर्डिनंडने तो उचलला, पाहिला आणि उशीखाली ठेवला. बिडी सोडलेला माणूस एक बिडी कानामागे ठेवतो, तसा.

पहिले चार दिवस कसे गेले ते देवाला ठाऊक. फर्डिनंडच्या जिभेला खाज सुटली. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला माइक सारखा कुईकुई करत होता आणि सगळी मंडळी प्रभूच्या दुःखाचं मनन करण्याऐवजी वळून वळून फर्डिनंडकडे पाहत होती. तो डोळे मिटून बसला. लोकांना वाटलं, त्याची तब्येत बरी नाही.

शनिवारी मागच्या इमारतीतले प्रल्हाद सावंत आले. मूळचे कणकवलीचे, नोकरीतून निवृत्त, उपासतापासातले जाणकार. सगळी हकीकत ऐकून त्यांनी मान हलवली.

"तुस्कानो, तुम्ही नवखे आहात. प्रत्येक उपासाला खिडकी असते. आम्ही एकादशीला साबुदाण्याची खिचडी खातो, बटाटा खातो, रताळं खातो. म्हणजे उपास मोडला का? उलट पोट भरलं."

"आमच्यात तक्रारीचा साबुदाणा नसतो, सावंत."

"नसतो कसा? कॅलेंडर आणा." प्रल्हादनी राखेच्या बुधवारपासून बोट ठेवत मोजलं. "शेवटच्या शनिवारपर्यंत किती झाले? शेहेचाळीस! आणि तुमचे दिवस किती? चाळीस. मग हे सहा कुठले? रविवार! तुमच्यात रविवार धरतच नाहीत. म्हणजे दर रविवारी तुम्ही मोकळे. सहा रविवार, सहा अर्ज. दाबून लिहा."

फर्डिनंडला त्या क्षणी प्रल्हाद सावंत देवदूतासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर तो फादरांना गाठायला धावला. वाटेत त्याने अर्जाचा मायनाही ठरवला. फादर माइकवाल्याशी बोलत होते.

"रविवार मोजत नाहीत हे खरं आहे," फादर म्हणाले. "पण मला सांग, फ्लॉसीबायने ती बॅग दर रविवारी रिकामी करायची आणि सोमवारी परत भरायची का?"

फर्डिनंड घरी आला. त्या दिवशी मिस्सेत वाचलेल्या शुभवर्तमानात सैतान प्रभूला वाळवंटात गाठून शास्त्रातलीच वचनं काढून दाखवतो, हे त्याला आत्ता आठवलं. सैतान कणकवलीचा असेल असं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं. उशीखालचा अर्ज काढून त्याने टराटरा फाडला. फाडल्यावर कळलं, की मागच्या बाजूला विजेच्या बिलाचा ग्राहक क्रमांक लिहून ठेवला होता. पण तक्रार कोणाकडे करणार?

तिसऱ्या आठवड्यात जिजा पडली.

जिजा पाचूबंदरची कोळीण, वीस वर्षं त्या आळीत मासळी आणणारी. गटाराचं पाणी रस्त्यावर येऊन शेवाळ धरलं होतं, त्यावरून तिचा पाय सरकला. बोंबील रस्ताभर झाले. फर्डिनंडने धावत जाऊन तिला उठवलं.

"लागलं का गं?"

"लागलं ते लागलं, तुमच्या दारात पानी, माझी पाटी गेली! एवढे कागद लिवता तुमी, याचा एक लिवाया काय झालं?"

चौदा लिहिलेत, असं तो म्हणणार होता. पण ते म्हणणं म्हणजे पालिकेची तक्रार. तोंड उघडून त्याने परत मिटलं. जिजाने त्याचा अर्थ भलताच घेतला आणि पाठीमागे न बघता निघून गेली. फर्डिनंड रस्त्यावरचे बोंबील वेचत राहिला. दारातून फ्लॉसी पाहत होती. बॅग तिच्या पायाशी होती.

दुपारी त्याने फावडं काढलं. त्याचा हिशोब सरळ होता. तक्रार करायची नाही असं ठरलं होतं, गटार उपसायचं नाही असं कुठे ठरलं होतं?

माणूस अर्ज लिहायला बसला तर आळीत कोणी ढुंकून पाहत नाही. पण फावडं घेऊन उभा राहिला की सल्लागार मंडळ भरतं. शेजारच्या वाडीतला बळीराम आला. तो फर्डिनंडचा बालमित्र, केळी आणि शहाळी विकणारा.

"फर्डी, फावडं असं नाही धरायचं."

"मग धर तू."

"माझी कंबर आहे ना. मी सांगतो, तू कर. आधी पाण्याला वाट दे. नाही, तिकडून नाही. अरे, उतार बघ ना!"

आणखी तिघेचौघे जमले. एकाने चुना टाकायला सांगितलं, एकाने मीठ. एका तरुण मुलीने स्कूटर थांबवून "अंकल, व्हिडिओ काढू?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता काढला. फर्डिनंडचं वय एकाहत्तर. तिसऱ्या घमेल्याला त्याला दोन चंद्र दिसायला लागले, तेही दुपारी.

गटारातून एक चप्पल निघाली, खुर्चीचा पाय निघाला, प्लास्टिकच्या पिशव्यांचं एक अख्खं दुकान निघालं. आणि शेवटी, जिथे खरा तुंबारा होता तिथून, फोडलेल्या शहाळ्यांची अकरा टरफलं निघाली. अख्ख्या आळीत शहाळी एकच माणूस विकत होता.

फर्डिनंडने टरफलांकडे पाहिलं. मग बळीरामकडे पाहिलं. बळीरामने आभाळाकडे पाहिलं.

"ऊन वाढलंय," बळीराम म्हणाला.

"वाढलंय," फर्डिनंड म्हणाला. टरफलांबद्दलचं एक वाक्य गिळायला त्याला जे कष्ट पडले, त्यापुढे घमेल्याचे कष्ट काहीच नव्हते.

तीन दिवसांनी पाणी सुटलं. धो धो सुटलं. आळीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी आनंदाने उताराकडे धावलं आणि उताराला जी इमारत होती तिच्या तळमजल्यावर, जिथे प्रल्हाद सावंतांची गाडी उभी असे, तिथे जाऊन बसलं.

त्या इमारतीची तातडीची सभा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रल्हाद आले, जरा अवघडलेले.

"तुस्कानो, राग मानू नका. सोसायटीने ठराव केलाय. तुमच्याविरुद्ध पालिकेत तक्रार द्यायची."

"द्या."

"देतो. पण अडचण अशी आहे, की नीट लिहिणारं कोणी नाही. मुलं इंग्रजीत शिकलेली. सगळ्यांचं एकमत झालं, की या भागात तुमच्यासारखा अर्ज कोणी लिहीत नाही. तेव्हा तुम्हीच जर..."

 फर्डिनंडने आयुष्यभर ज्या मानाची वाट पाहिली तो मान असा, या वेळी, या पायवाटेने घरी आला होता. त्याचे हात शिवशिवले. स्वतःविरुद्धची तक्रार तो फार उत्तम लिहू शकला असता. आरोपीला तो जवळून ओळखत होता.

"नाही जमणार, सावंत. कोणाचीच करायची नाही असं ठरलंय. कोणाचीच म्हणजे माझीही आली."

मग प्रल्हादनी स्वतःच लिहिली आणि दाखवायला आणली. विषयाच्या ओळीत दोन चुका होत्या, 'महोदय' नव्हतं, मागणी कुठे ते समजत नव्हतं. फर्डिनंडने ती वाचली, घडी घालून परत दिली आणि आत जाऊन पाणी प्यायला.

आठव्या दिवशी नोटीस आली. 'सार्वजनिक गटारामध्ये विनापरवाना हस्तक्षेप केल्याबाबत. सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.'

गटारात हस्तक्षेप हा शब्द त्याला एवढा बोचला नाही. बोचलं ते दुसरंच. त्याच्या चौदा शुद्ध, मुद्देसूद अर्जांना दोन वर्षांत उत्तर नव्हतं. आणि प्रल्हाद सावंतांच्या त्या 'महोदय' नसलेल्या कागदाला आठ दिवसांत! त्या रात्री तो जेवला नाही. फ्लॉसीने विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "भूक नाही." तिने नोटीस वाचली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर मिठाची बरणी ठेवली, उडू नये म्हणून.

खुलासा लिहायला तो बसला, तेव्हा खरं वाळवंट सुरू झालं. 'वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की' इथपर्यंत पेन सुतासारखं चाललं. पुढे आपोआप आलं, 'वारंवार अर्ज करूनही'. ही तक्रार. खोडलं. 'आपल्या कार्यालयाने वेळीच'. ही तर मोठी तक्रार. खोडलं. 'शेजाऱ्यांनी गटारात टाकलेल्या'. खोडलं. पाच कागद गेले. बत्तीस वर्षं लिहीत असून तक्रार नसलेलं एक वाक्य आपल्याला येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो घाबरला. बॅगेची भीती राहिली बाजूला, ही निराळीच होती. अक्षरं आपण एकाच कामासाठी शिकलो होतो की काय?

शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला तो मागच्या बाकावर बसला. पाय दुखत होते म्हणून गुडघे टेकता येत नव्हते. प्रभूच्या वाटेवरच्या पाचव्या स्थानाशी वाचन आलं. शेतावरून घरी चाललेल्या शिमोनाला शिपायांनी धरलं आणि प्रभूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. हे फर्डिनंडने साठ वर्षं ऐकलं होतं. आज पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, हा माणूस काय म्हणाला असेल? काम संपवून घरी निघालेला, दमलेला, दुसऱ्याचं ओझं, आणि कोणी विचारलंसुद्धा नाही. त्याने एक अर्ज केल्याची नोंद नाही. 'का मीच?' असं म्हटल्याची नोंद नाही. उचलला आणि चालला. पोचसुद्धा मिळाली नाही बिचाऱ्याला. माइक कुईकुई करत होता. फर्डिनंडला तो त्या संध्याकाळी ऐकूच आला नाही.

घरी येऊन त्याने लिहिलं. 'गटार तुंबले होते. एक बाई पडली. म्हणून मी उपसले. पाणी शेजाऱ्यांकडे गेले, त्याबद्दल मी दिलगीर आहे. आपला, फर्डिनंड तुस्कानो.'  फार बोडका दिसत होता कागद. पण दुसरा लिहायची ताकद नव्हती.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार झाला, सोमवारी तो पालिकेत गेला. आवक-जावकच्या खिडकीत दिनानाथ होते. गेली अठरा वर्षं फर्डिनंडचे अर्ज त्यांच्याच हातून आत जात, आणि आत राहत. फर्डिनंडला बघताच त्यांनी सवयीने शिक्का उचलला. कागद वाचला. उलटा करून पाहिला. पुन्हा वाचला.

"पुढचं पान?"

"एवढंच."

"मागणी?"

"नाही."

"प्रत कोणाकोणाला? आयुक्त? कलेक्टर?"

"कोणाला नाही."

दिनानाथनी शिक्का खाली ठेवला. "तुस्कानोकाका, घरी सगळं बरं आहे ना?" असं म्हणून त्यांनी खुर्ची दिली, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मग कॉम्प्युटरवर नाव टाकलं. "तुमचं बरं आहे. नाव टाकलं की बाकीचं सगळं आपोआप भरतं. जुनं खातं ना!"

पवित्र गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होता, प्रभूने बारा शिष्यांचे धुतले तसा. बारा जणांत यंदा फर्डिनंडला बसवलं होतं. नखांतला गटाराचा काळा चिखल चिंच लावूनही गेला नव्हता, म्हणून तो पाय बाकाखाली ओढून बसला होता. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. पालिकेचा मेसेज. तो एकेक अक्षर लावत वाचू लागला.

'प्रिय नागरिक, आपली तक्रार यशस्वीरीत्या निकाली काढण्यात आली आहे. आपल्या समाधानाबद्दल धन्यवाद.'

त्याने तीनदा वाचला. तक्रार? कुठली तक्रार? त्याने तक्रार केलीच नव्हती! पाच कागद फाडून, जीव आटवून, तक्रार नसलेला एकच कागद त्याने आयुष्यात लिहिला होता आणि दिनानाथांच्या कॉम्प्युटरने तो आपोआप तक्रारीत धरला होता. आणि बत्तीस वर्षांत निकाली निघालेली ही पहिली!  आता लिहिलंच पाहिजे, आजच, आत्ता, की मी तक्रार केली नाही याची ही गंभीर तक्रार...

"पाय," फादर खालून म्हणाले. ते गुडघे टेकून तसराळं घेऊन त्याच्यासमोर बसले होते.

फर्डिनंडने पाय पुढे केला. फादरांनी चिखल पाहिला आणि पाणी ओतलं. पाणी गार होतं. माणूस थकलेला असला की गार पाणी पायावरून फार वरपर्यंत पोचतं. फादरांनी पाय पुसला, ओठ टेकले, आणि उठता उठता हळूच विचारलं, "किती राहिले?"

"दोन दिवस," फर्डिनंड म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

घरी फ्लॉसीने विचारलं, "चेहरा असा का? काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे सांगण्यासारखं काही होतं, आणि पहिल्यांदाच तो 'काही नाही' म्हणाला.

ईस्टरच्या सकाळी मिस्सेहून आल्यावर फ्लॉसीने चहा दिला आणि समोर बसली. "बोल आता. सुटलास."

फर्डिनंडने तोंड उघडलं. शेहेचाळीस दिवसांचं साठलेलं होतं. टरफलं होती, सावंत होते, माइक होता, साखर होती. पण कुठून सुरुवात करावी हेच समजेना. त्याने नुसता फोन तिच्यापुढे केला.

फ्लॉसीने चश्मा लावून वाचलं. मग ती हसायला लागली. आवाज न करणारी बाई, पण खुर्ची हलायला लागली. "म्हणजे... केली नाहीस... तेवढीच एक..." पुढचं तिला बोलता येईना. डोळ्यांतून पाणी आलं. फर्डिनंडला आधी अपमान वाटला, मग तिचं हसणं किती वर्षांनी पाहतोय याचा हिशोब करू लागला, आणि तो लागेना, तेव्हा तोही हसला.

डोळे पुसून ती उठली. दाराशी जाऊन बॅगेची चेन ओढली आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागली. तिची दोन लुगडी. जपमाळ. मग फर्डिनंडचा निळा शर्ट. मग दुसरा शर्ट, पॅन्ट, त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची जादाची पट्टी.

"हे माझं आहे," फर्डिनंड म्हणाला.

"तुझंच."

"पण जाणार तू होतीस."

"मी गेले असते तर दुसऱ्या दिवशी तू थोरलीकडे येऊन उभा राहिला असतास, मी गेल्याची तक्रार घेऊन. अंगावरच्या कपड्यांनिशी. मग परत कोण आणणार कपडे?"

बॅगेच्या तळाशी अजून काहीतरी होतं. फ्लॉसीने ते काढून त्याच्या हातात दिलं. रेघांच्या कागदांचा एक कोरा दस्ता आणि एक नवं पेन.

"हे कशाला?"

फ्लॉसीने बॅग उलटी करून झटकली आणि कपाटावर टाकली.

"नाळ्यालाही गटारं आहेत," ती म्हणाली.